भिंतीपलीकडून

समुद्रावर तरंगणारं शहर उभारायला माझा नवरा केइगो ओसाकाला गेला. तेव्हापासून टोकियोतल्या या मनोऱ्यात, बोल्टांनी टांगलेल्या डब्यासारख्या खोलीत, मी आणि पाठीवर बांधलेली तान्ही लेक नात्सुए. घरी कुणी नसलं तरी दार उघडताना "मी आले" म्हणायची आमची सवय.

एका दुपारी भिंतीपलीकडून उत्तर आलं, "आलीस? ये."

मग ते रोजच यायला लागलं. इतकं बरं वाटायचं, की भाजीच्या निमित्तानं मी उगीचच दोनदा खाली उतरायची.

शेजारणीचं नाव विचारलं, तर रखवालदार कुरोसाकी हसले. "कुठली शेजारीण, वहिनी? शेजारची खोली बदलायची म्हणून बोल्ट काढून क्रेननं केव्हाच उतरवली. नवी काही आली नाही. तुमच्या भिंतीपलीकडे नुसती हवा आहे. कबुतरं बोलायला लागली असतील तर मलाही बोलवा."

मी वर आले. आज काही म्हणायचंच नाही असं ठरवून हळूच दार उघडलं.

पलीकडून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "मी आले."

नात्सुएला अजून एक शब्दही येत नव्हता. तिनं भिंतीकडे हात पसरले आणि स्वच्छ म्हणाली, "आई, आलीस?"