एका तासाच्या आत

पोते चौपन्न किलोचेच भरले पाहिजे, असा नाखव्याचा हट्ट होता. मासळी तोलायच्या काट्यावर त्याने ते तीनदा चढवले, मूठभर वाळू काढली, पुन्हा चिमूटभर घातली. मग बोटीच्या मधोमध गादी अंथरून ते आडवे ठेवले आणि एका टोकाखाली उशी सरकवली.

“पोत्याला उशी कशाला, काका?” मोटर बसवायला आलेला मिस्त्री म्हणाला. “त्याची मान थोडीच अवघडणार आहे?”

नाखवा हसला नाही. त्याने उशी आणखी थोडी वर घेतली.

मिस्त्री मोटरींच्या दुकानाकडून आला होता, दूरच्या बंदरातून. पहिल्याच दिवशी नाखव्याने त्याला मोजक्या शब्दांत काम सांगितले होते. बायकोचे हृदय अधू. दवाखाना उपसागराच्या पलीकडच्या धक्क्याला लागून. रस्त्याने वळसा घालून गेले तर चार तास. जुनी पंधरा हॉर्सपॉवरची मोटर पाण्यातून पावणेदोन तास घेते. आणि डॉक्टरांचे वाक्य : झटका आल्यापासून एका तासाच्या आत इथे आणायला हवं.

म्हणून चाळीसची मोटर. मिस्त्रीने दोन दिवस खपून बोटीची मागची फळी दुहेरी केली, नवे बोल्ट आवळले, भोके लुकणाने बुजवली. नवी मोटर जड. मागची बाजू पाण्यात दबू नये म्हणून त्याने इंधनाची टाकी पुढे सरकवली. काम नेटके झाले होते.

“जाळी दिसत नाहीत कुठे?” हात पुसत त्याने विचारले.

“विकली.”

“सगळी? मग मोटरच्या जिवावर मासे काय हाका मारून बोलावणार?”

“मासेमारी पुरे झाली आता.”

मिस्त्रीला वाईट वाटले. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, “काकींना विचारलंत ना, एवढी मोठी मोटर घेताना? नाहीतर बोलणी मला बसायची.”

“तीच मागे लागली होती. तीन वर्षं. मोठी बसवा, मोठी बसवा. मी म्हणायचो, मासे काय पळून चाललेत?”

थर्मासमधला चहा त्याने दोन पेल्यांत ओतला. मिस्त्रीने घोट घेतला आणि पेल्यात डोकावून पाहिले.

“काकी साखर विसरल्या वाटतं.”

“चहा मी केलाय.”

चार वाजायला आले, तशी ओहोटी लागली. समोरून वाराही सुटला. मिस्त्रीने आभाळाकडे पाहून मान हलवली.

“उद्या सकाळी जाऊ, काका. पाणी आपल्या बाजूचं असेल.”

“आजच. चार वाजून दहा मिनिटांनी.”

“मुहूर्त काढलाय का?”

“दुखणं काय पाणी बघून येतं?”

मिस्त्रीने इंधनाची नळी जोडली. “बरं. पण पूर्ण वेग नाही हं. नवी मोटर पहिले दहा तास दमानं घ्यायची असते. आतून खरवडली गेली तर कायमची बाद.”

“पूर्ण वेग,” नाखवा म्हणाला. “एकदाच.”

बरोबर चार दहाला त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तो तसाच बसून राहिला. मोटर बंदच होती. एक मिनिट गेले, दोन गेली.

“काका, कोणाची वाट बघतोय आपण?”

“घरातून उचलून इथपर्यंत आणायला सहा मिनिटं लागली.”

नाखव्याचे हे तोलणे-मोजणे मिस्त्रीला आता ओळखीचे झाले होते. माणूस तयारी करतो तर अशी, त्याला वाटले. सहा मिनिटे संपल्यावर मोटर गरजली, बोटीचे तोंड उचलले गेले आणि किनारा झपाट्याने मागे पडला.

अर्ध्या वाटेवर लाटा वाढल्या. बोट आपटू लागली, वेग पडला. मिस्त्रीने पोते घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरले आणि मागे पाहिले. दांडा धरून बसलेल्या नाखव्याचा चेहरा दोन दिवसांत प्रथमच जरा सैलावला होता. उशीर होत असताना याला बरे कसे वाटते, हे मिस्त्रीला कळेना. मग पाणी पुन्हा सपाट झाले, मोटरने सूर धरला आणि तो चेहरा होता तसा झाला.

धक्क्याच्या दगडाला बोट टेकली. दवाखान्याची पांढरी भिंत शंभर पावलांवर होती. मिस्त्रीने नाखव्याचे मनगट ओढून घड्याळ पाहिले आणि आनंदाने ओरडला.

“त्रेपन्न! सहा धरून त्रेपन्न मिनिटं! सात मिनिटं हातात आहेत, काका!”

नाखव्याने मोटर बंद केली. पोत्याशेजारी बसून त्यावर हात ठेवला.

“घड्याळ मागे असेल,” तो म्हणाला.

“माझंही तेच दाखवतंय.”

“वारा कमी होता. त्या... एवढाच वारा होता का?”

“चांगला तोंडावर होता की.”

“वाळू कमी भरली असेल.”

“तीनदा तोललीत!” मिस्त्री वैतागला. “माणूस एवढा खर्च करतो तो वेळेत पोहोचायला, आणि तुम्ही तर पोहोचूच नये म्हणून कारणं शोधताय.”

नाखव्याने खिशातून पाना काढला. मोटरजवळ जाऊन तो पहिला बोल्ट सैल करू लागला. पाना दोनदा निसटला.

“काका, अहो, काय करताय? काकींना आणायचंय ना यातून?”

“डॉक्टर म्हणाले ते मी तुला पुरतं सांगितलं नाही, मिस्त्री,” तो वर न बघता म्हणाला. “एका तासाच्या आत इथे आणायला हवं होतं.”