शिशाची बंडी

"कान्हू, थांब! उतरू नकोस!"

निवृत्ती शिंपी सायकलवरूनच ओरडला. वलवणच्या धरणाकाठी सायकल आडवी टाकून, काखेत गाठोडं मारून तो उतारावरून धावत सुटला. कान्हू कमरेइतक्या पाण्यात उभा होता. हातात भाला, अंगात शिशाची बंडी. हाक ऐकून तो वळला, तेव्हा कुठे निवृत्तीच्या जिवात जीव आला. पोचलो बाबा वेळेवर, तो स्वतःशीच म्हणाला.

खंडाळ्याच्या बंगल्यातल्या साहेबांना रविवारच्या पाहुण्यांसाठी धरणातला मोठा कटला लागायचा, आणि तोही भाल्याने मारलेला. गळाला लागलेल्या माशात म्हणे मर्दुमकी नसते. मर्दुमकी अर्थातच कान्हू ठाकराने करायची. पाणी माणसाला वर ढकलतं, म्हणून तो पोटाशी धोंडा बांधून बुडी मारायचा. त्या धोंड्याने त्याच्या कमरेची सालटी निघाली होती. शेवटी साहेबांनी परदेशी मासिकातलं एक चित्र निवृत्तीपुढे टाकलं. धोंड्याऐवजी अंगात घालायची बंडी, तिच्या खिशाखिशांत शिसं. "त्याला आराम वाटला पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

निवृत्तीने आराम फारच मनावर घेतला. गोणपाटाची बंडी करून पाहिली, ती खाजली. चामड्याची केली, ती भिजून फळीसारखी ताठ झाली. मग कॅनव्हासला आतून फ्लॅनेल लावायचं ठरलं. आधी मापापुरती एक बंडी कच्च्या दोऱ्याने नुसती टाचली, शिशाच्या चकत्या भरून ती कान्हूला घालून पाहिली. त्या मापावर दोन दिवस बसून पक्की शिवली. मेण लावलेला दोरा, दुहेरी शिलाई, छातीवर सात बटणं. "लोकांचे संसार उसवतील, पण ह्यांचा टाका काही उसवायचा नाही," असं त्याची बायको सरुबाई टोमण्याने म्हणायची. निवृत्ती तेच वाक्य गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा.

आज सकाळी तो आंघोळ करत असताना साहेबांचा ड्रायव्हर बजरंग बंडी न्यायला आला, आणि सरुबाईने हाताला लागली ती, म्हणजे कच्चीच, देऊन टाकली. निवृत्ती बाहेर येऊन बघतो तर पक्की मशीनवर तशीच. ती गाठोड्यात बांधून त्याने सायकल काढली. कच्चा दोरा पाण्यात किती टिकणार? एक खांदा सुटला की सगळं शिसं एका अंगाला लोंबणार, माणूस उलटापालटा होऊन बुडणार. निवृत्तीच्या शिलाईने माणूस मारला, असं उद्या सगळा बाजार म्हणणार.

"काढ ती. नुसती टाचलेली आहे," तो धापा टाकत म्हणाला. काठावर बसून त्याने एकेक चकती पक्क्या बंडीत भरली. ती कान्हूच्या अंगात चढवली आणि सातही बटणं स्वतःच्या हाताने लावली.

कान्हूने खांदे हलवून पाहिले. त्याचा चेहरा खुलला. "आबा, अंगात हाय का न्हाई त्ये बी कळंना!" मग बटणांवरून बोट फिरवत तो थबकला. "पर खाली कुटं अडाकलो, तर ह्ये काढायचं कसं? धोंड्याला येकच सुरगाठ असती. वढली की सुटली."

"अरे, धोंडा तो धोंडा. हा अंगाबरहुकूम शिवलेला कपडा आहे. अडकतोस कशाला तू?"

"आजच्या दिस धोंडाच न्या की," कान्हूची बायको गंगी काठावरून म्हणाली.

"आटपा रे, पाहुणे निघाले असतील," बजरंगने घड्याळ पाहिलं. कान्हूने सोललेल्या कमरेवर हात ठेवला, क्षणभर विचार केला आणि बुडी मारली.

त्या बाजूला पाणी काळं दिसायचं. धरण व्हायच्या आधीच्या झाडांची खोडं अजून तळाशी उभी होती, आणि मोठे मासे त्यांच्याच आडोशाला असत. गंगीची एक सवय होती. नवरा खाली गेला की ती आपलाही श्वास कोंडून धरी. सुटला की पुन्हा धरी. तिसरा दम संपायच्या आत कान्हूचं डोकं वर येई.

पहिला दम सुटला. दुसरा सुटला. तिकडे लांबवर बुडबुडे आले.

निवृत्ती निर्धास्त बसला होता. कच्ची बंडी त्याच्या मांडीवर होती. सहज चाळा म्हणून त्याने बाहेर आलेलं दोऱ्याचं टोक धरून ओढलं. सर्रकन सगळी शिवण निघाली. बंडीचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत आले.

गंगी त्या तुकड्यांकडे बघत राहिली. तिसरा दम सुटला तरी तिने चौथा धरला नाही.

"आबा," ती म्हणाली, "ही तर वढल्यासरशी सुटली की."

बुडबुडे थांबले होते. बजरंग माणसं बोलवायला वलवणच्या दिशेने पळत सुटला. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. निवृत्ती गुडघाभर पाण्यात शिरला आणि तिथेच उभा राहिला. मेण लावलेला दोरा, दुहेरी शिलाई, सात बटणं. जन्मात पहिल्यांदाच तो हात जोडून देवाला विनवत होता, की एवढा एक टाका उसवू दे.

निवृत्तीचा टाका उसवला नाही.