मधली भिंत

पार्वतम्मा दारात येऊन उभी राहिली तेव्हा राजाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. रेशनची लाल मिलो ज्वारी. पीठ धरत नव्हतं, भाकरी काठाला फाटत होती. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि चाळीतले पुरुष कामावर गेले होते.

"ये की आत," राजाबाई म्हणाली.

शेजारच्याच खोलीतली ही बाई, पण कित्येक दिवसांत तिच्या उंबऱ्याशी आली नव्हती. गेल्या आठवड्यात पार्वतम्माच्या लेकीला, हेमावतीला, माती दिली. त्या दिवशीही दोघी बोलल्या नव्हत्या. राजाबाई बायकांच्या मागं उभी राहून परत आली होती.

पार्वतम्मा आत आली, पण बसली नाही.

"तू गात का न्हाईस गं आता?"

राजाबाईचा हात परातीत तसाच राहिला.

"तूच बोललीस की. नळावर. सगळ्यांपुढं."

बोलली होती खरी. दिवाळीनंतर हेमावती छातीचं दुखणं घेऊन वैरागहून, सासरहून, माहेरी आली. राजाबाई रोज पहाटे चूल पेटवताना आपल्या बापानं रचलेलं गाणं म्हणायची. बाप खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत शिक्षक होता. गाणं साधंच. 'आजच्यापुरतं बळ दे येशू, उद्याचं उद्या मागीन.' नवरा गेल्यापासून राजाबाईचा दिवस त्या ओळीच्या आधारानं उभा राहायचा. एका सकाळी हंड्यांच्या रांगेत पार्वतम्मा तिच्यावर ओरडली, "तुझा येशू बहिरा हाय का काय? माझं आजारी लेकरू पहाटं जरा डोळा लावतंय, तवर तुझं सुरू!" बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून राजाबाई ओठ मिटून प्रार्थना करू लागली. आजारी माणसाला त्रास नको, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. तिला राग आला होता.

"माझं चुकलं," पार्वतम्मा म्हणाली. "ती झोपत नव्हती गं. रातभर खोकायची, आन् तुझं गाणं सुरू झालं की गप पडायची. मला वाटायचं, झोप लागली. तुझं बंद झालं, तवा तिनंच इचारलं, मावशी का म्हणंनात? मी म्हटलं, गावाला गेल्या असतील."

"माझी भांडी तर वाजत होती की."

"तिलाबी ऐकू येत होती. कळलं तिला. म्हणली, अव्वा, जा, त्यांना सांग, गाणं म्हणा. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. नळावर तसलं बोलल्यावर कुठल्या तोंडानं येऊ? आन् ती रोज पहाटं उठून बसायची. आज म्हणतील की, म्हणायची."

राजाबाईनं खाली पाहिलं. खोकला तिलाही ऐकू यायचा. रोज ती मनातल्या मनात देवापुढं त्या पोरीचं नाव घ्यायची. पण आवाज काढला नव्हता. पार्वतम्मानं यावं, तोंडानं मागावं, मग बघू, असं धरून बसली होती. देवापुढं बसूनही तेच धरून बसली होती.

"मला खोकला ऐकू यायचा," ती म्हणाली. "मी तरी कुटं आले? तू येशील म्हणून बसले."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

"चल जरा," पार्वतम्मा म्हणाली.

पिठाच्या हातांनीच राजाबाई तिच्या मागं गेली. पार्वतम्माच्या खोलीत खाट भिंतीला लागून होती. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. उशाच्या बाजूला, पांढऱ्या चुन्यावर, तेलाचा एक काळपट डाग होता. डोक्याएवढा.

"हितं टेकून बसायची, कान लावून. आमचे मालक म्हणतात, चुना मारून घेऊ. मी मारू देत न्हाई."

राजाबाई बघत राहिली. त्या भिंतीपलीकडं तिची चूल होती. हातभर अंतरावर. तिथंच ती इतके दिवस तोंड मिटून बसली होती.

"म्हण," पार्वतम्मा म्हणाली.

"आता कुणासाठी?"

"मला सकाळी उठवत न्हाई, राजाबाई. उजाडलं की भ्या वाटतं. आख्खा दिवस कसा काढू?"

राजाबाई खाटेच्या कडेला बसली. पहिली ओळ चालीशिवायच आली, बोलल्यासारखी. पुन्हा सुरुवात केली. आवाज चिरकला, तरी तिनं चाल सोडली नाही. येशूचं नाव आलं तशी ती थांबली. समोर देवळीत सिद्धेश्वराची तसबीर होती. तिनं पार्वतम्माकडं पाहिलं.

"थांबू नको. हाय तसंच म्हण," पार्वतम्मा म्हणाली. "तिलाबी तसंच पाठ होतं."

राजाबाईनं डोळे मिटले आणि पुन्हा म्हणायला लागली.

पार्वतम्मा पाय वर घेऊन खाटेवर बसली आणि तिनं भिंतीला डोकं टेकलं. तिचं डोकं डागाच्या जरा वर आलं. ती खाली सरकली.