हातातला पाहुणा

सुनेच्या आईला महिनाभर लेकीकडं राहायला यायचं होतं. तो विषय टाळायलाच सिंधूबाई लेकासुनेबरोबर पत्ते खेळायला बसल्या. एकेक पत्ता मिळवून आपली गड्डी भारी करायची, असा तो नवा खेळ. सिंधूबाईंच्या हाती 'पाहुणा' आला. दर डावाला धान्याचा एक पत्ता खाणारा!

"आई, टाकून दे त्याला, न्हाई तर हरशील," लेक भागवत म्हणाला.

"गप रे! दारी आलेला पाहुणा या सिंधूनं कधी हाकलला न्हाई. हरले तरी बेहत्तर!"

अन् त्या सपशेल हरल्या.

सून गोड हसली. "मग आत्याबाई, आईला उद्याच मुरुडहून निघ म्हणते."



तेव्हा सिंधूबाईंच्या ध्यानात आलं, पत्ते पिसले होते ते सुनेनंच.