चौदा नंबरचा डबा

रेसच्या ट्रॅकवर उतरण्याआधी गाडी हलकी करायची म्हणून निनादने स्टेपनी, जॅक, मॅट आणि डॅशबोर्डवरचा गणपती काढून ठेवला. मग हवा भरायच्या मशीनशेजारच्या काउंटरवर जाऊन स्वतःची भीतीही काढून दिली. तिला चौदा नंबरचा डबा मिळाला. त्यानंतर वळणांवर त्याने इतक्या उशिरा ब्रेक मारले, की दर फेरीला चार सेकंद वाचले.

संध्याकाळी गाडीत सगळं परत बसवलं, पण डबा तिकडेच राहिला.

"आधी भीती लावून ये," त्याची बायको केतकी म्हणाली. "तोवर ईरा तुझ्या गाडीत बसणार नाही." चार वर्षांची लेक तिच्या खांद्यावर पेंगत होती.

काउंटरवाला ओशाळला. "चौदा नंबर कुणीतरी चुकून नेला, साहेब. त्यांचा सोळा उरलाय. भीतीच आहे, चालवून घ्या."

निनाद परत आला तो घामाघूम होऊनच. केतकीला हायसं वाटलं.

"वाटतेय ना भीती?"

"प्रचंड," तो म्हणाला आणि वाकून सीटखाली बघू लागला. "पाल तर नाही ना शिरली आत?"

केतकी दाराशीच थांबली. "आणि हायवेवर ईराला काही झालं तर?"

निनादने प्रामाणिकपणे विचार केला.

"वाईट होईल," तो म्हणाला, आणि मॅट उचलून पाहू लागला.