चिंचेच्या पाण्यातला कोयता

ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी रुक्मिणीबाईने आपला गंजलेला कोयता चिंचेच्या आंबट पाण्यात भिजत घातला. दुपारी काथ्याने घासला तसा गंज सुटला आणि पात्यावर अक्षरं दिसली.

लेकीच्या, मंजुषाच्या जन्माआधीपासून हा कोयता रुक्मिणीबाईच्याच हातात होता. त्यावर नाव कुणी घातलं नव्हतं. तिला वाचताही येत नव्हतं.

"मंजे, काय लिवलंय गं?"

"माय, माझं नाव हाय."

दहा वर्षांच्या मंजुषाला तिने कधी कोयत्याला शिवूही दिलं नव्हतं. औंदा तर तिला तोडीला न नेता वसतिगृहात ठेवायचं होतं.

रुक्मिणीबाईने विटकरीने अक्षरं खरवडली. ती आणखी खोल झाली.

"आण इकडं," म्हणत मंजुषाने सराईतपणे कोयत्याची मूठ धरली.

रुक्मिणीबाईने तिची बोटं उलगडली. तळवाभर जुने घट्टे होते.