दोघांचा होकार
बाहेर उणे तीस अंश, आणि कॅनडातल्या विनिपेगच्या शाळांचं बस-ॲप सकाळीच बंद! मुलं उबेत थांबतात, फोनवर बस दिसली की पळतात. ओक्सानानं प्रोग्रामची चुकलेली ओळ सुधारली, पण सहकारी गार्थ आणि लॉर्न यांच्या होकाराशिवाय ती ओळ ॲपमध्ये टाकता येईना. गार्थ म्हणे, "शेवटी सेमीकोलन घाल." तिनं तो अर्धविराम घातला. लॉर्न उसळला, "काढ तो! या भाषेत लागतच नाही." तिनं काढला. "लागत नाही म्हणून टाळायचा?" गार्थ भडकला. "अंघोळही अशीच टाळतोस का रे?" तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, आज परीक्षा आहे, बस दिसतच नाहीये!" ओक्साना कडाडली, "यंत्राला दोन्ही चालतं बाबांनो! होकार द्या!" दोघांनी नाक मुरडत दिला. ॲप सुरू झालं. बस लेकीच्या थांब्यावरून केव्हाच गेलेली. ओक्सानानं गाडीची किल्ली उचलली. लॉर्ननं गार्थला डिवचलं, "बघ, सेमीकोलनशिवाय चाललं!"